भावंडाच्या आगमनाची वार्ता आणि बालकाचे घरातील स्थान

घरात दुसरे अपत्य येऊ घातले आहे ही गोष्ट पहिल्या अपत्यास केव्हा व कोणत्या शब्दांत सांगावी, हा प्रश्न वरकरणी मासिकांतील गृहोपयोगी सल्ल्याच्या सदरास शोभणारा वाटतो. बालमानसशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र त्यात बरेच काही सापडण्यासारखे आहे. दोन ते पाच वर्षे वयाच्या मुलाला सांगितली जाणारी ही बहुधा पहिलीच अशी वार्ता असते की, जिचा विषय डोळ्यांना दिसत नाही, जी घडून येण्यास अद्यापि कित्येक महिने आहेत आणि जिच्यामुळे त्याच्या स्वतःच्या स्थितीत पालट व्हावयाचा आहे. सांगणाऱ्याच्या दृष्टीने ती येणाऱ्या जीवाविषयीची माहिती असते. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ती प्रथमतः त्याच्या स्वतःविषयीची माहिती असते. मुलाला काय सांगितले गेले आणि त्याने काय ऐकले यांत जी तफावत पुष्कळदा आढळते, तिचे मूळ येथे आहे.

वार्ता प्रथम शब्दांनी कळते हेही खरे नव्हे. आईला मळमळते, ती दुपारी निजून राहते, कडेवर घेण्याचे टाळते, आजी एकाएकी मुक्कामाला येते, मोठी माणसे मूल जवळ आले की बोलणे थांबवितात. या साऱ्या चिन्हांचा अर्थ मुलाला लागत नसला, तरी काही तरी बदलले आहे हे त्याच्या ध्यानात आलेले असते. मूल अद्यापि अंगावर पीत असेल तर वार्ता त्याच्या शरीरालाच कळते. या अवस्थेची नोंद भारतीय वैद्यकाने फार पूर्वी केलेली आहे. माधवनिदानातील बालरोगप्रकरणात गर्भिणी मातेचे दूध पिणाऱ्या बालकास होणाऱ्या 'पारिगर्भिक' नावाच्या व्याधीचे वर्णन आहे. खोकला, अग्निमांद्य, वांती, तंद्रा, कृशता, अरुची आणि पोटाची वाढ ही त्याची लक्षणे सांगितली असून त्याला 'परिभव' असेही दुसरे नाव दिले आहे. परिभव म्हणजे पराभव अथवा अवमान. पुढे 1933 मध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांनी आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना, येथील कुपोषित बालकांच्या एका रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि 1935 मध्ये त्याला तेथील गा भाषेतील 'क्वाशिओरकोर' हे नाव वैद्यकात आणले. दुसरे मूल होऊ लागले असता पदच्युत झालेल्या मुलाला जडणारा रोग, असा त्या शब्दाचा आशय त्यांनी नोंदविला. दोन समाज एकमेकांपासून इतके दूर. परंतु दोघांनीही रोगाचे नाव ठेवताना आहाराकडे न पाहता मुलाच्या ढळलेल्या स्थानाकडे बोट दाखवावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. रोगाचे कारण गर्भिणीचे दूध 'बाधणे' हे नसून ते तुटल्यावर मुलाला पुरेसा व योग्य आहार न मिळणे हे आहे, असे आजचे वैद्यक मानते. तथापि नावात गोठलेले निरीक्षण त्यामुळे खोटे ठरत नाही.

शब्दांनी सांगण्याची वेळ आली म्हणजे वडीलधारी मंडळी बहुधा कथेचा आश्रय करतात. युरोपात करकोचा बाळ आणून देतो. मराठी घरात ते देवबाप्पाकडून येते, दवाखान्यातून आणले जाते, किंवा थट्टेच्या भरात जुन्या कपड्यांच्या बदल्यात बोहारणीकडून घेतले जाते. या कथांचे मुलाच्या मनात काय होते याचे सर्वांत तपशीलवार टिपण फ्रॉइडने 1909 मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'छोट्या हान्स'च्या वृत्तान्तात मिळते. घोड्यांविषयीच्या भीतीचा अभ्यास म्हणूनच तो वृत्तान्त सहसा वाचला जातो, पण प्रस्तुत प्रश्नासाठी त्यातील आधीचा भाग अधिक मोलाचा आहे. हान्स व्हिएन्नातील मुलगा. त्याची बहीण 1906 च्या ऑक्टोबरात जन्मली तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. त्याला करकोच्याची गोष्ट सांगण्यात आली होती. परंतु आईचे कण्हणे त्याने ऐकले, दिवाणखान्याबाहेर ठेवलेली डॉक्टरांची पेटी त्याने पाहिली, खोलीत रक्तमिश्रित पाण्याची भांडी त्याच्या दृष्टीस पडली. आपल्याला बहीण नको, असे त्याने लवकरच, तापात असताना, बोलून दाखविले. पुढे त्याने वडिलांना एक अजब हकिगत ऐकविली: गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे बहिणीच्या जन्मापूर्वीच, ती एका पेटीत बसून आपणा सर्वांबरोबर गावी आली होती. वडिलांनी करकोचा खरा मानावयास लावला, तेव्हा मुलाने ही पेटी खरी मानावयास लावून त्याची परतफेड केली, असा अर्थ फ्रॉइडने लावला आहे. फ्रॉइडच्या एकूण उपपत्तीशी मतभेद असणाऱ्यालाही येथे एवढे मान्य करावे लागेल की, मुलाने कथा ऐकली, पुरावा पाहिला आणि दोहोंचा मेळ बसत नाही हे ओळखले.

मराठी कथांचा परिणाम अधिक साधा, पण तितकाच बोलका असतो. जे दवाखान्यातून आणले ते परत नेऊन देता येते. बाळ रडू लागले, आई त्याच्यातच गुंतून राहिली, की तीन वर्षांचे मूल 'आता हे परत देऊन टाका' असे सुचविते आणि घरातील मंडळी हसतात. मुलाच्या बाजूने ती सूचना सर्वस्वी तर्कशुद्ध असते. बोहारणीच्या थट्टेचे स्वरूप याहून कठोर आहे, कारण ती पुष्कळदा थोरल्याच मुलाला उद्देशून केली जाते. 'तुला बोहारणीकडून घेतले, बाळ मात्र आमचे' हे वाक्य बोलणाऱ्याला विनोद वाटते. ज्याला आपल्या स्थानाविषयी आधीच शंका आली आहे त्याला तो निकाल वाटतो.

मग सत्य सांगावे, हे ओघाने आले. फ्रॉइडने 1907 मध्येच मुलांपासून जन्माची गोष्ट लपवू नये असे लिहिले होते. परंतु सत्य वाक्यही मुलाच्या बुद्धीच्या साच्यातून जाताना आपले रूप पालटते. ॲन बर्न्स्टाइन व फिलिप कोवन यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन-चार, सात-आठ व अकरा-बारा वर्षांच्या साठ मुलांना बाळे कोठून येतात याविषयी बोलते केले आणि त्यांची उत्तरे पियाजेप्रणीत बौद्धिक पायऱ्यांशी ताडून पाहिली. बर्न्स्टाइन यांनी सर्वांत लहान मुलांना नंतर 'भूगोलवेत्ते' असे नाव दिले. बाळ पूर्वी नव्हतेच व मग निर्माण झाले, ही कल्पना या वयात बसत नाही. ते कोठे तरी होतेच, फक्त येथे आले, असे मूल धरून चालते. म्हणून त्याचा प्रश्न 'कसे'चा नसून 'कोठे'चा असतो. त्याच्या वरच्या पायरीवरील मुले 'कारखानदार' होत; बाळ कोणी तरी वस्तू बनवावी तसे बनविते, असे ती समजतात. चार वर्षांच्या मुलाने 'बाळ कोठून आले?' असे विचारले असता त्याला बीज व अंड यांचे व्याख्यान देणारा सुविद्य पिता आणि करकोच्याची गोष्ट सांगणारी आजी हे दोघेही त्याचा प्रश्न ऐकत नाहीत, फरक एवढाच की पित्याला आपण ऐकला असे वाटते.

'कोठे' या प्रश्नाला मराठीत एक सरळ उत्तर आहे: आईच्या पोटात. ते खरे आहे, आणि अडचणही त्यातच आहे. 'पोट' हा शब्द मराठीत जठर, उदर आणि गर्भाशय या तिन्हींचे काम करतो. पोटात भूक असते, पोटात दुखते, पोटात भात जातो आणि पोटात बाळ असते. तेव्हा आईने बाळ गिळले असावे, किंवा भात खाल्ल्यावर तो बाळाच्या डोक्यावर पडत असावा, असे अनुमान मुलाने केले तर दोष त्याच्या बुद्धीचा नाही. खाण्यातून गर्भधारणा होते ही बालकांची उपपत्ती फ्रॉइडने 1908 मधील निबंधात नोंदविलेली आहेच; मराठी मुलाला तिच्यासाठी भाषेतच आधार मिळतो. बायकांच्या बोलण्यातील 'पिशवी' हा शब्द घेऊन 'बाळासाठी पोटात निराळी पिशवी असते' असे सांगितल्यास जठराचा घोटाळा मिटतो. मात्र मुलाच्या परिचयाची पिशवी बाजारात न्यावयाची असते, त्यामुळे बाळाबरोबर तीत कांदे-बटाटेही आहेत काय, असा पुढचा प्रश्न येणे शक्य असते. त्यात बिघडत काहीच नाही. चुकीचे चित्र प्रश्नाच्या रूपाने बाहेर आले तर दुरुस्त करता येते.

येथवर विचार झाला तो बाळाविषयीच्या ज्ञानाचा. वार्तेचा गाभा मात्र मुलाच्या स्थानाशी निगडित आहे, असे आरंभी म्हटले. त्या दृष्टीने मराठी घरातील शब्दांकडे पाहिले असता फार उद्बोधक गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट 'बाळ' या शब्दाची. पहिल्या अपत्याला घरात दोन-तीन वर्षे बहुधा याच शब्दाने हाक मारलेली असते. 'बाळ, इकडे ये', 'आमचे बाळ शहाणे' हे ऐकत ते वाढलेले असते. त्यालाच एके दिवशी 'आपल्याकडे बाळ येणार आहे' असे सांगण्यात येते. घरात बाळ तर आहे, आणि ते आपण आहोत. मग येणारे बाळ कोणते, आणि ते आल्यावर आपण कोण? या प्रश्नाचे उत्तर घर ताबडतोब देते: तू आता ताई, किंवा तू आता दादा. नाते सांगणारा हा शब्द वस्तुतः धाकट्या भावंडाच्या तोंडचा आहे. परंतु ते भावंड बोलू लागण्याच्या कितीतरी आधी, किंबहुना जन्मण्याच्या आधीच, आईवडील व आजीआजोबा तो स्वतः वापरू लागतात. न जन्मलेल्याच्या दृष्टिकोनातून पोटच्या मुलाला हाक मारण्याची ही रीत विलक्षण आहे. ती इतकी दृढ होते की, पुष्कळ मराठी माणसे साठीतही सर्व गोतावळ्यात, आपल्या जन्मदात्यांसकट, ताई, दादा वा आक्का याच नावाने ओळखली जातात. या पदवीत मान आहे यात शंका नाही, आणि मुलांना तो आवडतोही. पण पदवीबरोबर कर्तव्ये येतात. 'ताई झालीस ना, मग रडतेस काय?' हे वाक्य त्या पदवीचाच दुसरा अर्धा भाग होय. अडीच वर्षांच्या मुलीला एकाच दिवशी बढती मिळते आणि रडण्याचा हक्क जातो. ज्या घरांत 'ताई' हा शब्द कौतुकापुरता वापरून एरव्ही मुलीला तिच्या जुन्या नावाने, प्रसंगी 'बाळ' म्हणूनही, हाक मारणे चालू राहते, तेथे हे संक्रमण सौम्य होते.

दुसरी गोष्ट 'पाठ' या कल्पनेची. मराठीत पुढचे अपत्य आधीच्या अपत्याच्या 'पाठीवर' होते. ते त्याचे 'पाठचे' भावंड. धाकट्याचा जन्म थोरल्याच्या शरीराशी जोडणारी ही वाक्यरचना केवळ क्रमवाचक राहिलेली नाही. 'हिच्या पाठीवर भाऊ झाला' हे ज्या स्वरात बोलले जाते तो मुलीच्या अंगच्या गुणाचे वर्णन करण्याचा स्वर आहे, आणि तिच्या पाठीवर पुनः मुलगीच झाली तर तोच स्वर पालटतो. म्हणजे जे ठरविण्यात त्या बालिकेचा काडीमात्र संबंध नाही, त्याचे यशापयश तिच्या नावावर मांडले जाते. साताऱ्याच्या ग्रामीण भागात मुलींवर मुली झाल्या असता शेवटचीचे नाव 'नकुशी' ठेवण्याची चाल होती; 2011 च्या ऑक्टोबरात त्या जिल्ह्यातील 285 मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नाव बदलता येते, परंतु अशा नावाच्या मागे जी वाट पाहणे असते ते थोरल्या बहिणींनी जन्मापूर्वीच्या महिन्यांत घरात ऐकलेले असते.

त्या ऐकण्याचे नित्याचे रूप म्हणजे 'तुला भाऊ हवा की बहीण?' हा प्रश्न. पाहुणे, शेजारी, दुकानदार, सर्वच तो मुलाला विचारतात. लहान मुलाच्या तोंडून देव बोलतो या समजुतीने त्याचे उत्तर शकुन म्हणूनही घेतले जाते. प्रश्न निरुपद्रवी नाही. 'भाऊ' म्हटल्यावर हातावर साखर पडते आणि 'बहीण' म्हटल्यावर विषय बदलतो, हे तीन वर्षांच्या मुलीला दोन-तीन वेळांतच कळते. आणि ती स्वतः बहीण आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या 894 होती. 1991 मध्ये ती 946 होती. गर्भलिंगपरीक्षेस आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये, देशात सर्वांआधी, केला. केंद्राचा कायदा 1994 चा आहे व तो 2003 मध्ये अधिक कडक करण्यात आला. कायद्याने डॉक्टरांचे तोंड बंद करता येते. घरातल्या घरात चाललेली ही विचारपूस मात्र त्याच्या कक्षेत येत नाही. या बाबतीत मराठी व्याकरण वक्त्याच्या मदतीस येते, ही आनंदाची गोष्ट म्हटली पाहिजे. 'बाळ' हा शब्द नपुंसकलिंगी आहे. 'ते बाळ येईल, ते रडेल, त्याला भूक लागेल' असे संपूर्ण नऊ महिने लिंगाचा उल्लेख न करता बोलता येते. हिंदीत ही सोय नाही. मराठी घराला ती फुकट मिळाली असून बहुतेक घरे 'भाऊ आणू हं!' म्हणून ती पहिल्याच दिवशी गमावतात.

बाळाविषयी कसे बोलावे यावर प्रत्यक्ष निरीक्षणाचाही आधार आहे. ज्यूडी डन व कॅरल केंड्रिक यांनी इंग्लंडात केंब्रिज येथील चाळीस कुटुंबांचा, दुसऱ्या अपत्याच्या जन्मापूर्वीपासून, घरी जाऊन अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ 1982 मध्ये आला. बाळ आल्यावर थोरल्याशी आईचे खेळणे व बोलणे घटते आणि रागावणे वाढते, असे त्यांना आढळले. ज्या घरांत आई पहिल्या काही आठवड्यांत बाळाविषयी, त्याला काही हवे-नको असणारी एक व्यक्ती म्हणून, थोरल्याशी बोलत असे, बाळ का रडत असेल, त्याला काय हवे असेल, असे त्यालाच विचारीत असे, तेथे पुढे वर्षभराने भावंडांची वागणूक एकमेकांशी अधिक स्नेहाची दिसून आली. येथेही वार्तेतून थोरल्याला काय जागा मिळाली हेच निर्णायक दिसते. ज्याचे मत विचारले जाते तो बाजूला सारलेला नसतो.

पदच्युतीची कल्पना मात्र बेतानेच घ्यावी. थोरल्याचे 'सिंहासन' जाते या आडलरच्या रूपकाचा अभ्यासकांवर दीर्घकाळ पगडा होता. अमेरिकेत ब्रेंडा व्होलिंग व सहकाऱ्यांनी 241 कुटुंबांचा बाळाच्या जन्माआधीपासून वर्षभर मागोवा घेऊन 2017 मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत बहुसंख्य थोरल्या मुलांत कोणतेही मोठे अरिष्ट दिसले नाही. भावंड येणे म्हणजे संकट, हे गृहीत धरून मुलाला भीत-भीत सांगणाऱ्या पालकाचा चेहराच मुलाला संकटाची सूचना देत असावा.

एक प्रसंग मात्र खरोखर कठीण असतो, आणि त्याविषयीच मुलाला बहुधा सर्वांत कमी सांगितले जाते. तो प्रसंग म्हणजे आईच्या प्रत्यक्ष अनुपस्थितीचा. जेम्स व जॉइस रॉबर्टसन यांनी अल्पकालीन वियोगावर जे चित्रपट तयार केले, त्यांतील जॉन हा सतरा महिन्यांचा मुलगा. आई दुसऱ्या बाळंतपणासाठी रुग्णालयात गेली म्हणून नऊ दिवस शिशुगृहात राहिला. दिवसागणिक बदलणाऱ्या परिचारिकांपैकी कोणाला तरी धरून ठेवण्याचा त्याचा प्रयत्न आणि मग त्याचे खचून जाणे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते विसरणे अवघड जाते. याच कारणाने वियोग झालेली दुसरी चार मुले रॉबर्टसन दांपत्याने स्वतःच्या घरी ठेवून घेतली. त्यांची आधीपासून ओळख करून घेतली, घरच्या सवयी पाळल्या, आईची आठवण जागी ठेवली. ती मुले कष्टी झाली, पण कोलमडली नाहीत. मराठी एकत्र कुटुंबात आजीच्या कुशीत निजण्याची सवय आधीच असल्याने हा प्रश्न कित्येकदा न सांगताच सुटत असे. माहेरच्या बाळंतपणात मूल आईबरोबर जाई, तरी काही घरांत सोयराच्या दिवसांत बाळंतिणीला शिवू न देण्याने दार समोर असूनही वियोग घडे. आज दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या मुलाला आई कोठे जाणार, किती रात्री, शेजारी कोण निजणार आणि वेणी कोण घालणार, हे सांगणे बाळाची वार्ता सांगण्याहून अधिक निकडीचे ठरते.

काळाचे गणित मुलाला महिन्यांत कळत नाही. पियाजेने 1946 मधील ग्रंथात दाखविल्याप्रमाणे कालाची कल्पना घटनांच्या क्रमातून सावकाश घडते. 'गणपती येतील, मग दिवाळी, मग बाळ' हा क्रम त्याला धरता येतो. फार आधी सांगितले तर वाट पाहण्याचा कंटाळा येऊन वार्ता शिळी होते. परंतु इतरांच्या तोंडून कळण्याआधी सांगितलेली असावी, एवढे पथ्य पुरे. तिसरा महिना उलटेपर्यंत न बोलण्याची जी जुनी रीत आहे ती दृष्टीच्या भीतीने पाळली जात असली, तरी तिला एक व्यावहारिक आधार आहे, कारण गर्भ राहून तो न टिकण्याचा संभव आरंभीच्या काळातच अधिक असतो.

सांगून झाल्यानंतर तसे घडले तर? घरातील मोठी माणसे आपल्या दुःखात असतात आणि मुलाला वाटेला लावण्यासाठी 'बाळ देवाकडे परत गेले' असे सांगतात. त्याच मुलाने आदल्या आठवड्यात 'मला बाळ नको' असे म्हटलेले असणे मुळीच असंभवनीय नाही. इच्छा आणि घटना यांतील कार्यकारणभाव चार वर्षांच्या बुद्धीत अद्यापि वेगळा पडलेला नसतो. आपण नको म्हटले म्हणून ते गेले, असा हिशेब मूल कोणाला न सांगता मनात करते, आणि तो चुकीचा असल्याचे त्याला कोणी सांगत नाही, कारण तो त्याने केला आहे हेच कोणाला ठाऊक नसते. बाळ आता येणार नाही, ते कोणाच्या बोलण्याने वा रागावण्याने गेलेले नाही, आणि आई रडते ती तुझ्यावर रागावून नव्हे, ही तीन वाक्ये त्या दिवशी कोणी तरी, आईला शक्य नसल्यास आजीने, मुलाजवळ बसून म्हणावी लागतात. आणि पुढे दुसऱ्यांदा दिवस गेले असता, मुलाने विचारले नाही तरी, ती पुनः म्हणावी लागतात.